कुऱ्हाडेबाईंचा आडवा र

कुऱ्हाडेबाई आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या त्या स्वतः जिवंत असल्याची नोंद करायला. नोव्हेंबर महिना होता. पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो आता ऑनलाइन देता येतो, म्हणून त्या दिवसांत जालन्याच्या मस्तगडातली बरीच वयस्कर मंडळी आमचा जिना चढायची. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी आणि माझा मित्र जुबेर, दोघांनी मिळून वेबसाईट बनवायचं काम सुरू केलं होतं. दाखल्यांचं काम मधल्या वेळात चालायचं.

बाईंनी यंत्रावर अंगठा ठेवला, पडद्यावर आलेलं स्वतःचं नाव वाचलं, नाक मुरडलं आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "खालची पाटी कोणी लिहिली?"

"पेंटरनं," मी म्हणालो.

"मजकूर कोणी दिला?"

"मीच दिला."

"'सर्व प्रकारच्या वेबसाईट तयार करून मिळेल.' वेबसाईट अनेक, मंग मिळेल कसं? मिळतील."

मी म्हणालो, दोन वर्षं झाली पाटी लावून, आजवर कोणी काही बोललं नाही.

"लोकं बोलत न्हाईत. हसतात अन् पुढं जातात. परवा मी बी हसून पुढं गेल्ते. आज कामच होतं म्हणून सांगितलं."

पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या. हातात दोन फुलस्केप कागद. आम्ही बनवलेल्या दोन-तीन मराठी वेबसाईट त्यांनी शेजारणीच्या मोबाइलवर वाचून काढल्या होत्या आणि प्रत्येक चूक पान, ओळ, शब्द अशी लिहून आणली होती. अक्षर टंकलेलं वाटावं इतकं एकसारखं. जुबेर ते कागद बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच या ना रोज."

बाईंना वाटलं, तो चेष्टा करतोय. पण सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी त्या आल्या, खिडकीजवळची खुर्ची त्यांनी स्वतःच फडक्यानं पुसली आणि बसल्या. पुढची सहा वर्षं ती खुर्ची त्यांचीच होती.

अंबडच्या तहसील कार्यालयात त्यांनी तीस वर्षं मराठी टंकलेखक म्हणून नोकरी केली होती. जालना-अंबड रोज एसटीनं अप-डाऊन. यजमान लवकर गेले. एकच मुलगी, ती लग्न होऊन हैदराबादला. हे सगळं मला हळूहळू, इकडून-तिकडून कळलं. बाई स्वतःबद्दल बोलायच्या नाहीत. अक्षरांबद्दल मात्र कितीही वेळ बोलायच्या.

उंच, सडपातळ, सुती साडी, चष्म्याला काळा दोरा. पिशवीत डबा आणि एक स्टीलची पट्टी. ही पट्टी त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आडवी धरायच्या आणि एकेक ओळ खाली सरकत वाचायच्या. मनात वाचायचं त्यांना माहीतच नव्हतं. "महा-राष्ट्र, टला रकार, बसलं. शा-सन, बसलं." दिवसभर हे पुटपुटणं चालायचं. जुबेरनं पडद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून वरून प्लास्टिक लावलं आणि स्वतःच्या कानांना हेडफोन.

'चूक' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. त्यांच्याकडे दोनच निकाल होते: 'बसलं' आणि 'बसलं न्हाई'. हे निकाल मजकुरापुरते नव्हते. हॉटेलातून आलेला चहा बसला नाही. जुबेरचा नवा शर्ट खांद्यात बसला नाही. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलीकडची मंडळी ऑफिस बघून गेली, तेव्हा बाई पट्टी खाली न ठेवता म्हणाल्या, "मुलगी बसली. बाप न्हाई बसला." लग्न झालं. सासऱ्यांचं आणि माझं आजही जेमतेमच आहे.

कॉम्प्युटरची त्यांना भीती नव्हती. "मशीनच आहे," म्हणायच्या. राग होता तो फक्त अर्धा शब्द टंकल्यावर पुढचा शब्द आपणहून सुचवणाऱ्या सोयीचा. "मला काय म्हणायचंय ते याला माझ्याआधी कसं काय कळतं?" असं म्हणून त्यांनी ती पहिल्याच दिवशी बंद करायला लावली.

आणि त्यांचा जीव होता आडव्या रवर.

आडवा र हे नाव त्यांचंच. 'सूर्य' लिहिताना अर्धा र डोक्यावर जातो, त्याला आपण रफार म्हणतो. पण 'वाऱ्यावर', 'दुसऱ्याचा', 'तऱ्हा' लिहिताना तो डोक्यावर जात नाही. पुढच्या अक्षराला चिकटून छोट्या कोयरीसारखा आडवा बसतो. मराठीत तो जागोजागी लागतो. पण कॉम्प्युटरची अक्षरं बनवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो, आणि मग 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं. बाईंचं आडनावच कुऱ्हाडे. पेन्शनच्या कागदावर त्या कुर्हाडे होत्या, बँकेत कुरहाडे, मतदार यादीत कुराडे. हयातीच्या नोंदीत नाव बघून नाक मुरडलं होतं ते त्यामुळे.

"दर्या म्हणजे समुद्र," त्या नव्या माणसाला हटकून सांगायच्या, "अन् दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. एका अक्षरानं माणूस कुठल्या कुठं जातो, बघा."

एके दिवशी जुबेरनं त्यांना सांगितलं की वेबसाईटचा पत्ताही आता मराठीत घेता येतो. सबंध नाव देवनागरीत, शेवटी टिंब आणि 'भारत'. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी त्याला टंकून दाखवायला लावलं. पान उघडलं.

"म्हणजे ज्याला एबीसीडी येत न्हाई, तो बी स्वतः जाऊ शकतो?"

"जाऊ शकतो."

बाईंनी पट्टी पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "चहा सांग रे उमेश. सगळ्यांना." सहा वर्षांत त्यांनी स्वतःहून चहा सांगितल्याचा हा एकच प्रसंग.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या मराठी पत्त्याचा आग्रह करू लागल्या. लोखंडाचे एक व्यापारी आले होते, ते म्हणाले, "मॅडम, इंग्रजीच बरं. जरा मोठं वाटतं."

"तुमची गिऱ्हाइकं काय इंग्रजीत भाव करतात का?"

ते हसले आणि इंग्रजीच घेऊन गेले. बहुतेक जण तेच करायचे. बाईंना वाईट वाटायचं, पण त्या पुढच्या माणसाला तितक्याच उत्साहानं विचारायच्या. मी एकदा म्हणालो, बाई, कशाला एवढं लावून धरता? लोकांना नको असेल तर नको.

त्या दुपारी वीज गेली होती. पट्टी पिशवीत होती, पडदा काळा होता, आणि करण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच बहुधा त्या बोलल्या.

"वडीगोद्रीकडची एक बाई होती. सरूबाई बऱ्हाटे. नवरा वारला, जमिनीला वारस नोंद लावायची होती. कागद माझ्याकडं आला. माझ्या मशीनची आडव्या रची कळ त्या आठवड्यात मोडून पडल्ती. अशा वेळी आम्ही जागा मोकळी सोडायचो अन् नंतर पेनानं अक्षर भरायचो. त्या दिवशी माझी साडेपाचची एसटी चुकत होती. मी सरळ 'बराटे' मारलं. बराटे बी आडनाव असतं की. कागद गेला सहीला."

"मग?"

"मंग काय. नवरा बऱ्हाटे, बायको बराटे. साहेब म्हणे, तुम्ही त्याच्या वारस कशावरून? प्रतिज्ञापत्र आणा, तलाठ्याचा दाखला आणा, पोलीस पाटलाचा आणा. चार वर्षं ती बाई आमच्या ऑफिसला येत राह्यली. येताना नमस्कार करायची मला. मी तिला सांगितल्तं, मशीन बिघडली होती. सांगितलं ते खोटं न्हाई. पण पेन होता माझ्याकडं. ते न्हाई सांगितलं."

वीज यायची होती. खाली रस्त्यावर कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला.

"शेवटी झालं तिचं काम. त्या दिवशी हरभऱ्याचा टहाळा घेऊन आल्ती माझ्यासाठी. विचारते कशी, बाई, तुमची मशीन नीट झाली का आता?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि माठातलं पाणी प्यायल्या. नंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि त्यांच्या आग्रहाबद्दल मीही पुन्हा विचारलं नाही.

कुंभार पिंपळगावच्या गयाबाई आल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात. साठीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांच्या गटात पंधरा बायका होत्या. ज्वारी-बाजरीच्या कडक भाकऱ्या करायच्या, पाकिटात भरायच्या. आठवडी बाजारात खप चांगला होता. संभाजीनगर-पुण्याला नोकरीसाठी गेलेली गावची मंडळी फोनवर मागवायची. आता वेबसाईट हवी होती.

बाईंनी विचारलं, "पत्ता मराठीत घ्यायचा का?"

"मंग काय इंग्रजीत?" गयाबाई म्हणाल्या. "आमच्यातल्या निम्म्या जणींना मराठीच वाचता येतं. आपल्या दुकानाचं नाव आपल्यालाच वाचता आलं न्हाई तर काय करायचं?"

असं गिऱ्हाईक बाईंना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी गयाबाईंना स्वतःच्या डब्यातली भाजी वाढली. नाव ठरलं: भाकऱ्या.भारत. तोंडात बसणारं, सोपं, आणि मधोमध आडवा र. बाई ते नाव कागदावर पुन्हा पुन्हा लिहून बघत होत्या.

नाव नोंदवायच्या दिवशी बाई डोळ्याच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. गयाबाईंचा पाकिटं छापणारा घाईवर आला होता. मी नाव टंकलं, पडद्यावर 'भाकऱ्या' दिसलं, बटण दाबलं. झालं. पाकिटं छापून आली. खालच्या बाजूला ठसठशीत पत्ता. बाईंनी पाकिटावर पट्टी ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, "बसलं."

दीड महिना वेबसाईटवरून एकही मागणी आली नाही. आम्हाला वाटलं, नवीन आहे, वेळ लागेल. मग एका सकाळी गयाबाईंचा फोन आला.

"उमेशभाऊ, पुण्याहून माझा भाचा बोलला. म्हणे मावशी, तुझ्या पाकिटावरचा पत्ता टाकला तर दुसऱ्याच कोणाचं दुकान उघडून राह्यलं. भाकऱ्याच हायेत, पण आपल्या न्हाईत."

जुबेरनं टंकून पाहिलं. खरंच, दूरच्या एका शहरातल्या कोणा व्यापाऱ्याचं दुकान. मी टंकलं तर आमचंच पान उघडत होतं. दोघांच्या पडद्यांवर नाव तेच: भाकऱ्या. 

बाई उठून आल्या. पट्टी धरली, दोन्ही नावं वाचली, एकदा, दोनदा. मग जुबेरला म्हणाल्या, "तू एकदा सांगितल्तं, मराठी नाव आत इंग्रजी अक्षरांत गुंडाळून जातं म्हणून. ते आतलं दाखव."

जुबेरनं दाखवलं. एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढं अर्थ नसलेल्या अक्षरांची रांग. दोन नावांच्या दोन रांगा, आणि त्या वेगळ्या होत्या.

मग उलगडा झाला. कॉम्प्युटरवर आडवा र दोन तऱ्हांनी काढता येतो. एक, त्याच्यासाठी असलेलं स्वतंत्र अक्षर वापरून. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढं डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. माझ्या कीबोर्डवरून दुसऱ्या तऱ्हेनं गेलं होतं. वेबसाईटच्या पत्त्यात असलं न दिसणारं चिन्ह चालत नाही. आम्ही ज्यांच्याकडून नाव घेतलं होतं त्यांच्या यंत्रणेनं ते गुपचूप गाळलं होतं. माझ्या ब्राउझरनंही तेच केलं, म्हणून मला आमचं पान दिसत होतं. नोंद झाली होती ती 'भाकर्या'ची, डोक्यावर रफार असलेल्या, कोणत्याच मराठी माणसाच्या तोंडी नसलेल्या शब्दाची. खरं 'भाकऱ्या' मोकळं राहिलं होतं आणि आणखी कोणीतरी ते घेतलं होतं.

मी म्हणालो, "गयाबाईंना फोन करून सांगतो, तांत्रिक अडचण आली म्हणून."

"अडचण न्हाई," बाई म्हणाल्या. "आणि फोन न्हाई. जाऊ."

"बाई, चूक माझी आहे. तुम्ही तर त्या दिवशी नव्हताच."

"पाकिटावर 'बसलं' कोण म्हणालं? मीच ना? नुसतं दिसलं तेवढंच वाचलं मी. चल."

जुबेरच्या गाडीतून अंबडवरून गेलो. अंबडला तहसील कार्यालयासमोरून जाताना बाईंनी मान दुसरीकडे वळवली. 

गटाचं काम एका पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. चुली पेटलेल्या, बायका भाकऱ्या थापताहेत, कोपऱ्यात नव्या पाकिटांचे गठ्ठे. गयाबाईंनी आमच्यासाठी सतरंजी अंथरली. बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "बायांनो, हात जरा थांबवा. आमच्याकडून चूक झाली. नाव घेताना आम्ही नीट तपासलं न्हाई. तुमचं नाव दुसऱ्याकडं गेलं. यात तुमचा काही दोष न्हाई, मशीनचा बी न्हाई. तपासायचं काम आमचं होतं."

'चूक' हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा ऐकला. पहिला आणि शेवटचा.

 सविता नावाची एक तरुण बाई उठली. "अन् ही पाकिटं? गावात सगळ्यांना सांगून बसलो आम्ही. माझ्या सासूनं घरोघरी जाऊन सांगितलं, आमचं नाव कॉम्प्युटरात आलंय म्हणून. आता काय सांगू तिला?"

 बाई म्हणाल्या, "मी सांगते तिला. घर दाखव." आणि खरंच सविताबरोबर गेल्या. तिकडे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. अर्ध्या तासानं परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर हळदीकुंकू होतं आणि पदरात चार कैऱ्या.

त्या व्यापाऱ्याला त्यांनी तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, मीपण भाकऱ्याच विकतो. नाव मोकळं दिसलं, घेतलं. तुम्ही आहात हे मला ठाऊकही नव्हतं. आणि भाकऱ्या हा शब्द काय कोणा एकाच्या मालकीचा असतो का?"

 "न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमचं बराबर आहे." आणि फोन ठेवला.

मी चिडलो होतो. तक्रार करता येते, त्याची पद्धत असते, वगैरे बोलू लागलो. बाई म्हणाल्या, "त्याचं बसतंय, उमेश. आपलं बसत न्हाई. हरलेल्या कागदावर वेळ घालवू नको. नवीन नाव बघ."

मी सुचवलं, गावाचं नाव पुढं लावू आणि 'भाकरी' ठेवू. पिंपळगावभाकरी. म्हणजे आडव्या रची भानगडच नको.

गयाबाई चुलीपासून न उठता म्हणाल्या, "एक भाकरी कोण इकत घेतंय? पाकिटात धा असत्यात. भाकऱ्याच म्हणायचं."

कुऱ्हाडेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात त्या पहिल्यांदा हसल्या.

मग नुसत्या पिंपळगावला बायकांनी हरकत घेतली. पिंपळगावं चिक्कार आहेत, कुंभार पाहिजेच. नाव झालं कुंभारपिंपळगावच्याभाकऱ्या.भारत. सगळं सलग, कारण पत्त्यात मोकळी जागा सोडता येत नाही. जुबेर डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, एवढं लांब कोण टंकणार? सोबत क्यूआर कोडचा ठिपक्यांचा चौकोन छापू, मोबाइल धरला की पान उघडतं.

"छाप," बाई म्हणाल्या. "पण तो चौकोन माणसाला वाचता येत न्हाई. नाव बी छाप."

नोंदणी करण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली, जी आमच्या डोक्यातही आली नव्हती. त्यांनी बायकांना आपापला मोबाइल काढायला लावला आणि प्रत्येकीला स्वतःच्या हातानं 'भाकऱ्या' टंकायला सांगितलं. काहींनी लगेच टंकलं, काहींनी अक्षर अक्षर शोधत. सविताची सासूही येऊन बसली होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलवर शब्द लिहिला, त्याला दहा मिनिटं लागली, आणि सगळ्या जणी कामं सोडून वाट बघत थांबल्या. जुबेर प्रत्येक मोबाइलमधलं आतलं नाव काढून बाईंना सांगत होता आणि बाई वहीत लिहीत होत्या. बहुतेकींचं बरोबर होतं. तिघींच्या मोबाइलमधून ते न दिसणारं चिन्ह आलं.

"म्हणजे यांनी टाकलं तर भाकर्यावर जाणार," जुबेर म्हणाला. "बाई, आपण दोन्ही नावं घेऊ. चुकीचंपण. कोणीही टाकलं तरी आपल्याकडेच येईल."

"बसत न्हाई ते नाव मुद्दाम घ्यायचं?" बाईंना ते पटेना. तीस वर्षं चुका खोडण्यात गेलेली बाई, तिला चूक आपल्या नावावर नोंदवायला सांगत होतो आम्ही.  परतीच्या वाटेवर अंबड आलं तेव्हा म्हणाल्या, "घे दोन्ही. त्या तिघींची बोटं बराबरच होती. मोबाइलनं गडबड केली. त्यांना का अडवायचं?"

जुन्या पाकिटांवर नव्या पत्त्याची पट्टी चिकटवायला बाई दोन रविवार एसटीनं कुंभार पिंपळगावला गेल्या. तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून पहिली मागणी आली. गयाबाईंच्या भाच्याची नव्हे, अगदी अनोळखी माणसाची. गयाबाईंनी ती बातमी फोनवर इतक्या मोठ्यानं सांगितली की जुबेरनं हेडफोन काढले.

बाईंनी मग पत्र लिहिलं. नावांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्यांना, मराठीत, तीन वेळा खर्डा करून. तक्रार नव्हती त्यात. त्या वहीतले मोबाइल आणि त्यातून आलेली रूपं त्यांनी तक्त्यात मांडली होती आणि शेवटी विनंती केली होती: चिन्ह गाळायचं तर गाळा, पण गाळून उरलेलं नाव माणसाला एकदा मोठ्या अक्षरांत दाखवा आणि विचारा, हेच का तुमचं नाव? मग नोंदवा.

उत्तर आलं, आपली सूचना संबंधितांकडे पाठवण्यात आली आहे. बाईंनी ते छापून घेतलं आणि फाइलला लावलं. "असं उत्तर मी बी तीस वर्षं टंकलंय," म्हणाल्या.

वर्ष-सव्वा वर्षानं मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी नाव नोंदवत होतो. बटण दाबण्याआधी एक नवीन चौकट आली. त्यात ठळक अक्षरांत नाव, आणि खाली: 'तुमचे नाव असे नोंदवले जाईल. बरोबर आहे का?' मी बाईंना हाक मारली. तोवर त्यांची नजर बरीच कमी झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशननं फार फरक पडणार नाही. मी अक्षरं मोठी केली. त्यांनी पट्टी न धरता, नाक पडद्याला लागेल इतकं जवळ जाऊन वाचलं.

"आपलं पत्र वाचून केलं असेल का हो?" जुबेरनं विचारलं.

"काय माहीत. आणखी कोणी बी लिहिलं असेल." मग पुन्हा एकदा वाचून म्हणाल्या, "दाखवतात ना? झालं मंग."

त्यानंतर काही महिन्यांनी मुलगी त्यांना न्यायला आली. एकटं राहणं आता जमणार नव्हतं. बाईंनी वाद घातला नाही. आवराआवर केली, मस्तगडातल्या खोलीची किल्ली मालकाला दिली, आणि आम्हाला बजावलं, "स्टेशनवर येऊ नका. रडारड मला बसत न्हाई."

आम्ही गेलोच. गयाबाईही आल्या होत्या, भाकऱ्यांचं मोठं गाठोडं घेऊन. गाडी उभी होती. मुलगी सामान लावत होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि समोर एक तेलुगू बाई, साधारण त्यांच्याच वयाची. आम्ही खिडकीपाशी पोचलो तेव्हा बाईंनी मांडीवर वही उघडली होती. ती बाई त्यांचा हात धरून वहीत एक गोल गोल अक्षर काढून देत होती. जाड पेनानं, अर्धं पान भरेल एवढं मोठं.

"बाई," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं नाही. "आलात का? सांगितल्तं ना येऊ नका म्हणून. ही म्हणते, हा त्यांचा 'क'. आपल्या कसारखा बिलकुल न्हाई. डोक्यावर बरोबरची खूण बघ कशी आहे."

गयाबाईंनी गाठोडं खिडकीतून आत दिलं, मुलीनं घेतलं. शिट्टी झाली. गाडी हलली तशी जुबेर हात हलवत खिडकीबरोबर चालू लागला. "बाई, येतो आम्ही हैदराबादला! बाई!"

बाईंनी मान वर न करता डाव्या हाताचं एक बोट आमच्या दिशेनं वर धरलं. थांबा, अक्षर पुरं व्हायचंय. ते बोट तसंच राहिलं, पेन वहीवर चालत राहिला, आणि डबा पुढं निघून गेला.